फटफटीला शिवलेली बाही

फटफटी ढकलत नेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणाचं पेट्रोल संपलेलं, कोणाची चेन तुटलेली. पण धडधाकट, चालू फटफटी बंद करून, खाली उतरून, घाम गाळत ढकलत नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. मारेगावच्या रस्त्यावर समोरून बैलगाडी दिसली की हा गृहस्थ इंजन बंद करायचा. बैल लांब गेले की पुन्हा किक मारायचा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तेव्हा तर त्याला गाडीवर बसायलाच मिळायचं नाही. जिनिंग कारखान्याच्या फाटकापर्यंत तो फटफटीच्या शेजारून चालत जायचा आणि लोक म्हणायचे, "हा फटफटी चालवत नाही, चारायला नेते." ऐकून तो खूश व्हायचा. "हाव ना," म्हणायचा, "चारूनच आणून राह्यलो." त्याला चिडवणं फार अवघड काम होतं. मी बरीच वर्षं प्रयत्न केला आहे.

मी मारेगावात आलो साठ सालाच्या आसपास. शिवणकाम मी नागपुरात शिकलो आणि चांगलं शिकलो. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत थांबायची मला सवय नाही. आमच्या घरच्यांनी छप्पननंतर धम्माची दीक्षा घेतली होती. दुकानाला जागा पाहायला निघालो तर जो तो आधी नाव विचारायचा, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला, आणि मग "जागा नाही बापा" म्हणून आत निघून जायचा. या माणसानं यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसून तो कसला तरी नट घासत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "मशीनचा आवाज किती होते?"

"शिलाईची मशीन आहे मालक, पिठाची गिरणी नाही."

"चालवून दाखव."

मशीन अजून बैलबंडीतच होती. भर रस्त्यात, बंडीवर बसून, मी पायडल मारलं. माणसं जमली. त्यानं डोळे मिटले, मान कलती केली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "मांगच्या अंगाले तेलाचा एक थेंब टाक. मंग रहाय." तेल मी सकाळीच टाकलं होतं. पण जागा हवी होती, म्हणून आणखी एक थेंब टाकला, आणि त्याच दिवशी दुकान मांडलं.

पुढं माझं दुकान, मागं अंगण, अंगणापलीकडं तो, त्याची बायको आणि पोरं. जिनिंगमध्ये तो फिटर होता. उंच, मिशाळ, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्याला लाल पागोटं. चड्डी कंपनीची, पागोटं घराण्याचं, असं तो सांगायचा. घराणं गोर बंजारा. मुकुटबनकडं त्यांचा तांडा होता. त्याच्या बापानं लहानपणी शेवटची लदेणी पाहिली होती. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारा काफिला. त्या काफिल्याच्या पुढं एक बैल चालायचा, त्याच्या पाठीवर कधी ओझं नसायचं. गळ्यात घाटी, म्हणजे पितळी घंटा, अंगावर लाल झूल. तो चालला की तांडा चालायचा, तो बसला की तिथंच मुक्काम. त्याला म्हणायचे गराशा. माझ्या मालकानं आपल्या फटफटीचं नाव गराशा ठेवलं होतं, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

झालं होतं असं. जिनिंगमधली नोकरी पक्की झाली तेव्हा यानं तांड्यावरची एक बैलजोडी विकून टाकली. बापाला विचारलं नाही. कामठीला लढाईतल्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता, तिथून ही फटफटी उचलली आणि धाड धाड करत थेट तांड्यावर नेली. गावभरचे बैल दावी तोडून पळाले. म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की विकलेल्या जोडीतला एक बैल त्या जुन्या गराशाच्या वंशातला होता. तो म्हणाला, "आपल्या घरानं बैलाच्या पाठीवरचं विकलं. पाठ कधी नाही विकली."

यानं गप्प बसायचं की नाही? हा म्हणाला, "बापू, हाच आता आपला गराशा."

म्हातारा भडकला नाही. भडकला असता तर बरं झालं असतं, दोन दिवसांत निवळलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "गराशा म्हणतो ना? मंग पोळ्यात आण. चालू इंजनानं बैलाच्या रांगेपुढून ने. एका बी बैलानं कान टवकारला नाही, त मी मानीन का हे जनावर हाय. त्या दिवशी माह्या घरी जेवाले ये. तोवर तुले इथं पाट नाही."

तेव्हापासून सणवाराला बायकोपोरं तांड्यावर जायची आणि हा मारेगावात चुलीवरची शिळी भाकर कुस्करून खायचा. मी त्याला शंभरदा सांगितलं, "मालक, फटफटी इथं ठेवा, पायी जा, बुढ्याच्या पाया पडा. बाप आहे तो, पोलीस नाही."

"मले बलावलं त गराशासोबत बलावलं. एकट्यानं कायले जाऊ?"

"मग मरा उपाशी."

"भाकर हाय ना," तो म्हणायचा. असा माणूस. पण संध्याकाळी बायको तांड्यावरून परत आली की आधी तो बैलांची चौकशी करायचा, मग पिकाची, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची, आणि सगळ्यात शेवटी, दुसरीकडं पाहत, "बुढा जेवते ना बरा?"

फटफटीला तो खरोखरच जनावरासारखं वागवायचा. उन्हात उभी करायचा नाही. हॉर्न वाजवायचा नाही, "हो, हो, हो" असं ओरडायचा. अवसेला शेतकरी बैल जुंपत नाहीत, म्हणून हाही फटफटी काढायचा नाही. तो तिचा सुटीचा दिवस, आणि माझ्या डोक्याला तापाचा. कारण त्या दिवशी अंगणात सायलेन्सर उघडला जायचा.

सायलेन्सर म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आता पाठ आहे. एक जाड नळकांडं. त्याच्या पोटात दुसरी बारीक नळी, तिला चाळणीसारखी भोकं. तिला तो जाळी म्हणायचा. इंजनाचा धूर जाळीतून बाहेर जातो, जाता जाता आवाज भोकांतून बाजूला शिरतो, आणि दोन नळ्यांच्या मधे जे काही दाबून भरलेलं असतं त्यात मुरतो. भरण चांगलं असेल तर गाडी हळू बोलते. भरण जळून गेलं असेल तर बोंबलते. लढाईत या गाडीच्या पोटात काय भरलं होतं कोण जाणे, आमच्याकडं आली तेव्हा आत काहीच उरलेलं नव्हतं.

तर अवसेला तो मागचा नट खोलायचा, जाळी ओढून काढायचा, दगडावर आपटायचा, गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईस्तोवर भाजायचा आणि मग खरवडायला बसायचा. तेलकट काजळीचे पापुद्रे अंगणभर उडायचे. माझी धुतलेली कापडं अंगणात वाळत असायची. एकदा एका नवरदेवाचा पांढरा सदरा, शिवून, धुऊन, तारेवर टाकलेला. पाहतो तर छातीवर काळा फराटा!

"मालक! हे काय आहे?"

"त्याचं शेण हाय, मास्तर. जनावर म्हटलं का शेण आलंच."

"माझ्या सदऱ्यावर?"

"मंग गोठ्यात सदरा वाळू कायले घालता?"

मी असा काही ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. तो सदरा मला उरलेल्या कापडातून पुन्हा शिवावा लागला. नवरदेवाच्या घरी हा स्वतः पोचवायला गेला. फटफटी ढकलत, कारण वाटेत बैल होते.

आता कापसाची गोष्ट सांगतो. ती आमच्या भागात अजून कोणी कोणी सांगतं, पण चुकीची सांगतं.

सायलेन्सरमध्ये काय भरावं, असा प्रश्न होता. कापसाच्या मुलखातल्या माणसाला भरायचं म्हटलं की दुसरं काय सुचणार? गादी भरायची, कापूस. उशी भरायची, कापूस. पोळ्याच्या झुलीचा काठ फुगवायचा, कापूस. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाला आग लागली की बादल्या घेऊन आधी धावणारा हा माणूस, त्यानं स्वतःच्या हातानं सायलेन्सर कापसानं भरला.

मी म्हटलं, "पेटेल."

"कसा पेटन? गठाण पाह्यली का कधी, प्रेसमधली? दाबून बांधलेली गठाण आतून पेटते का? हवा नाही त आग नाही. मी असा दाबला का हवेले जागाच नाही."

त्याचं बोलणं नेहमी असंच. इतक्या खात्रीनं सांगायचा की समोरच्याला आपलंच चुकतंय असं वाटावं. अंगणातून वेशीपर्यंत जाऊन आला. खरंच, गाडी मांजरासारखी चालली. मी मान डोलावली. पोळा दोन दिवसांवर होता.

आमच्याकडं दीक्षेनंतर पोळा बंद झाला होता, पण झुली शिवायचं काम कोणी बंद केलं नव्हतं. पोळ्याआधी माझ्या दुकानात लाल कापडाचा ढीग असायचा. त्या वर्षी एक झूल फटफटीची शिवली आणि काय होतंय ते पाहायला मीही तांड्यावर गेलो. बैल रांगेत उभे होते, शिंगांना हिंगूळ, कपाळाला बेगड. पुढं आंब्याच्या पानांचं तोरण. तोरणाजवळ दगडावर म्हातारा बसलेला, हातात आपल्या बैलाचा कासरा. हा लांबून आला. हळू, बैलाच्या चालीनं. पहिला बैल गप्प. दुसरा गप्प. म्हातारा पुढं वाकून पाहायला लागला. रांगेच्या मध्यापर्यंत एकाही बैलानं कान हलवला नाही, आणि मला वाटलं, जिंकला!

तेवढ्यात मागून धुराची बारीक रेघ निघाली. मग ठिणगी. मग फाट् असा आवाज झाला आणि सायलेन्सरमधून पेटलेल्या कापसाचा बोळा बाहेर उडाला. त्याच्यामागं दुसरा. मग तर लागूनच. पुढचं सांगायला नको. तोरण तुटलं, झुली चिखलात, बैल कुठल्या कुठं. म्हाताऱ्याला त्याच्या बैलानं कासऱ्यासकट चार हात ओढलं. लागलं नाही, पण पागोटं चिखलात पडलं. तो उठला, पागोटं झटकलं, पोराकडं पाहिलंसुद्धा नाही. घरात गेला आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघं मारेगावला परत आलो. फटफटी ढकलत, माझा एक हात मागं लावलेला. मला वाटलं, आता हा खचला, आता ऐकेल. मारेगाव दिसायला लागलं तसा तो थांबला आणि म्हणाला, "मास्तर, अर्धी रांग शांत होती ना?"

"होती."

"मंग अर्ध काम झालं."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि हसूही आलं. काय करायचं अशा माणसाचं?

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. दर अवसेला नवं भरण. काथ्या भरला, आळीभर जळक्या दोराचा वास. लेथवरचा लोखंडी कीस भरला, तो मागच्या बाजूनं उडून एका सायकलवाल्याच्या धोतरात शिरला. मग चुलीला लिंपतात तशी माती आणि शेण कालवून भरलं. ते आत भाजून पक्की वीट झालं. छिन्नी घालून फोडावं लागलं आणि त्यात जुनी जाळीच फुटली. मग नवी जाळी करणं आलं. लोखंडी नळी आणून जिनिंगच्या वर्कशॉपमध्ये, काम सुटल्यावर, तो एकेक भोक पाडत बसायचा. भोकं सरळ रेषेत नव्हती. मी तसं सांगितलं तर म्हणाला, "चांदण्या बी सरळ नाहीत, मास्तर."

याच दिवसांत एकदा त्याची बायको माझ्या दुकानात पोलक्याचं माप द्यायला आली होती. तांड्यावरून नुकतीच परतलेली. ती म्हणाली, "भाऊ, सासऱ्याले आता दिसत नाही. बैल हातानं चाचपून ओळखते. मले बी आवाजावरून ओळखलं." मागं अंगणात खरवडण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मी आत डोकावलो तर हा जाळी मांडीवर घेऊन नुसता बसला होता.

"पाहणं गेलं त्याचं," तो म्हणाला. "आता ऐकणंच राह्यलं. ते जायच्या आधी झालं पाहिजे, मास्तर."

ते मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. एरवी या माणसाला कशाची घाई नसायची.

दुसऱ्याच दिवशी त्यानं जिनिंगमधून पांढरी दोरी आणि त्याच जातीच्या कापडाचा तुकडा आणला. बॉयलरच्या झाकणाला आणि वाफेच्या नळांना गुंडाळतात ते, अ‍ॅस्बेस्टॉसचं. विस्तवात टाकलं तरी जळत नाही. मिस्त्रीला विचारून उरलेलं घेतलं होतं. आता म्हणतात ती चीज छातीला वाईट. असेल. तेव्हा आम्हाला फक्त खाज ठाऊक होती. त्यानं दोरी जाळीला गुंडाळायला सुरुवात केली. इथं गाठ, तिथं उघडं, एका बाजूला फुगलेलं, दुसरीकडून सुटतंय. नळकांड्यात सरकवली की सगळं एका टोकाला गोळा व्हायचं. मी दुकानातून पाहत होतो. पाहवेना. शेवटी उठलोच.

"मालक, हे काय बाळंतिणीचं डोकं बांधून राहिले का? द्या इकडं. याला शिवायला पाहिजे."

"लोखंडाले शिवतो?"

"बाही शिवतो. लोखंडानं हात घालायचा."

मी गळ्यातला टेप काढला. त्यानं जाळी टेबलावर उभी धरली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी सरळ. मी माप घेतलं. छाती, कंबर, सगळं एकच. कापड बेतलं, दोन पदरांच्या मधे दोरीच्या ओळी बसवल्या आणि गोधडीला घालतात तसे टाके घातले. सुती धागा जळणार, म्हणून तांब्याची तार. मशीन चालणार नाही, म्हणून चांभाराकडून आणलेला दाभण. बोटं सोलून निघाली. पहिली बाही घट्ट झाली. गाडी चालू व्हायची, पण ओढायची नाही, घुसमटून बंद पडायची. मी शिवण उसवली, बोटभर सैल केली. सदरा घालून माणसाला जेवता आलं पाहिजे, एवढं साधं आहे.

संध्याकाळी त्यानं बाही चढवलेली जाळी आत सरकवली, नट आवळला, किक मारली. मी म्हटलं, "लागली नाही. पुन्हा मारा."

तो मिशीत हसत उभा. "चालू हाय, मास्तर. हात लाव."

मी टाकीवर हात ठेवला. थरथरत होती. अगदी जवळ कान नेल्यावर आतून हुंकार दिल्यासारखा आवाज येत होता. ती बाही मी शिवली. आयुष्यात मी कोट शिवले, शेरवान्या शिवल्या, पण विचारलंत तर सांगेन, माझं सगळ्यात चांगलं काम त्या नळकांड्यात होतं, जिथं कोणाला दिसलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावून शेकतात आणि त्यांना जेवणाचं निमंत्रण देतात. हा दर वर्षी फटफटीची खांदशेकणी करायचा. त्याही वर्षी त्यानं वाटीत लोणी-हळद कालवली, हँडलच्या दोन्ही बाजूंना चोळली आणि हात जोडून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग तसाच उभा राहिला.

"माहा बाप हे लय गोड म्हणे," तो म्हणाला. "आम्ही लहान होतो त वाटे, बैलाले नाही, आमालेच बलावून राह्यला."

मी आत गेलो आणि फटफटीची झूल इस्त्रीला घेतली.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर जत्रेसारखी गर्दी. मागच्या वर्षीची मजा कोणाला चुकवायची नव्हती. पोरं झाडावर. तांड्याच्या नायकानं पाण्याच्या बादल्या भरून ठेवायला सांगितल्या होत्या. ज्याच्या त्याच्या दोन्ही हातांत कासरा. म्हातारा तोरणाजवळ त्याच दगडावर, तोंड आकाशाकडं, डोळ्यांत पांढरं. मी बंडीतून आधीच पोचलो होतो. शिवण उसवली तर?

हा आला. लाल झूल, हँडलला बेगड, बसणारा ताठ. रांगेच्या एका टोकाला क्षणभर थांबला आणि मग बैलाच्या चालीनं निघाला. पहिला बैल रवंथ करत होता, करतच राहिला. दुसरा. तिसरा. मी फक्त कान पाहत होतो. मध्यापर्यंत आला, जिथं मागच्या वर्षी बोळा उडाला होता. बादलीवाले पुढं सरकले. काही नाही. एका पांढऱ्या बैलानं मान वळवली, हँडल हुंगलं आणि तिथलं लोणी चाटलं. कान मात्र होते तसेच. हा रांग संपवून तोरणाखालून आला आणि बापासमोर येऊन उभा राहिला.

म्हातारा वैतागून म्हणाला, "कधी येते रे तो? बैल उभे राहून थकले."

कोणीतरी म्हटलं, "आजा, तो तुमच्या म्होरंच उभा हाय. इंजन चालू हाय."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं हात पुढं केला. दिव्याला लागला, तिथून झुलीवर गेला. झुलीच्या काठावरून बोटं फिरली. हँडलच्या बाजूला थांबली, बोटाला लोणी लागलं, ते त्यानं नाकाशी नेलं. खांदा शोधत होता तो. मग हात खाली गेला, आणखी खाली, सायलेन्सरकडं.

"बापू, तिथं नको! पोळन!"

यानं झटकन मनगट धरलं. कित्येक वर्षांनी बापाशी बोललेला त्याचा पहिला शब्द. मनगट त्यानं सोडलं नाही, आणि म्हाताऱ्यानंही ओढून घेतलं नाही.

"याच्या गळ्यात काही नाही?" म्हातारा म्हणाला.

"नाही, बापू."

"गराशा म्हणतो अन् गळ्यात घाटी नाही? मुकं जनावर आलं त घरच्याले कसं कळन?"

त्यानं सुनेला हाक मारली. घरातल्या खांबाला एक जुनी पितळी घाटी टांगलेली असायची, त्याच्या लहानपणच्या गराशाची. ती तिनं आणून दिली. म्हाताऱ्यानं चाचपडत, कोणाला हात लावू न देता, हँडलला बांधली. गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. मग एक हात फटफटीच्या दिव्यावर ठेवला आणि तोंड मात्र पोराच्या श्वासाकडं वळवलं.

"काल आवतण द्याचं राह्यलं," तो म्हणाला. "आज आवतण घ्या. आजच जेवा."

माझ्या मालकानं फटफटी स्टँडला लावली, "हाव ना, बापू" म्हणाला आणि बापाचा हात धरून घराकडं निघाला.

मग आम्ही जेवायला बसलो. मी दाराशी घुटमळत होतो, ते म्हाताऱ्याला कसं कळलं कोण जाणे. "टेलर कुठं हाय?" म्हणाला आणि आपल्या शेजारचा पाट थोपटला. पुरणाच्या पोळ्या, तुपाची धार, आंबट कढी. बापलेक समोरासमोर. म्हातारा खाता खाता मधेच थांबायचा आणि समोरच्याचं खाणं ऐकायचा. सून वाढत होती, रडत होती, आणि धूर लागला म्हणत होती.

दुसरी पोळी वाढली तेव्हा म्हाताऱ्यानं हात वर केला. "थांबा. घाटी वाजून राह्यली."

आम्ही कान दिला. खरंच. बाहेरून बारीक, सारखी, किणकिण येत होती. वारा नव्हता. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या गडबडीत तो इंजन बंद करायचं विसरला होता. इतका वेळ फटफटी दारात चालू उभी होती. घाटी बांधली नसती तर पेट्रोल संपेपर्यंत कोणाला कळलं नसतं.

म्हातारा म्हणाला, "सोड त्याले आता. दमला असंन माहा बैल."

मालक उष्ट्या हातानं उठला आणि बाहेर गेला. किणकिण थांबली. पण तो लगेच आत आला नाही. मी उठायला लागलो तसा म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस, टेलर. येईन तो."

मी आणखी एक पोळी वाढून घेतली. कोणालाच घाई नव्हती.